तीच मिरची यंदा जास्त तिखट का?

उन्हाळ्यात शिरवळ भागात कांदा-लसूण मसाल्याची मिरची डंकावर जाते, तेव्हा ‘मागच्या वर्षी याच मिरचीचा एवढा जाळ नव्हता’ ही तक्रार हमखास ऐकू येते.

तिखटपणा कॅप्सेसिनमुळे येतो. ते बी ज्याला चिकटलेले असते त्या पांढऱ्या गाभ्यात तयार होते. बियांना नुसते लागते. म्हणून भाजीत तिखट कमी हवे असेल तर बियांबरोबर गाभाही काढावा.

त्याचे प्रमाण आधी वाण ठरवतो: ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला. फळे पोसताना पाण्याचा ताण बसला, तर तिखटपणा बहुधा वाढतो. पण त्यासाठी मुद्दाम पाणी तोडू नका. फुलगळ होऊन वजन घटते, ते परवडत नाही. त्यापेक्षा तोडे वेगवेगळे वाळवा.

शेजारी लवंगी लावली म्हणून त्याच हंगामात ब्याडगी तिखट होत नाही. गाभा आईच्या झाडाचा असतो, परकी पराग फक्त बियांत उतरतो. फटका बसतो तो पुढच्या वर्षी, ते बी पेरल्यावर. बहुतेक तक्रारींचे मूळ मला इथेच, घरच्या बियाण्यात दिसते.

प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत २०० मीटर अंतर ठेवतात. अर्ध्या एकरात ते कुठून जमणार? मग निवडक झाडांच्या फांद्यांना कळ्या उमलण्याआधी पातळ कापडाची पिशवी बांधा. फळ धरले की पिशवी काढून दोऱ्याने खूण करा आणि बी तेवढ्याच फळांचे धरा.