ढोंग नव्हे, आजार

१९५६ नंतर आमच्या वस्तीने देव्हारे नदीत सोडले. अंगात येणे बंद झाले, निदान आम्ही तसे मानले. पुढे १९७०च्या सुमारास माझ्या धाकट्या आत्याला जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले. रात्र रात्र ती जागी राही, भाकरीत विष आहे म्हणून ताट ढकली. आजी म्हणाली, बाहेरची बाधा. चळवळीतले माझे वडील म्हणाले, ढोंग. त्यांनी भगताला दारातून परत धाडले हे योग्यच झाले. पण डॉक्टरकडेही कोणी नेले नाही. आत्या नऊ वर्षे घराच्या मेढीला साखळीने बांधलेली होती. ती गेली तेव्हा कुलपाची किल्ली घरात कोणाला सापडेना.

हे मुद्दाम सांगतो, कारण अंगात येणे आणि मानसिक आजार आपण कार्यकर्ते अजून एकाच पोत्यात भरतो. पौर्णिमेला घुमणारी बाई तासाभराने भानावर येऊन भाकऱ्या थापायला बसते. एरवी घरात न मिळणारा मान तिला त्या तासात मिळतो. स्किझोफ्रेनियाचे तसे नाही. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. त्यातले आवाज रोग्याला आपल्या नावाइतके खरे वाटतात, म्हणून बुद्धिवाद शिकवून ते जात नाहीत. मेंदूतील डोपामीन या द्रव्याच्या कामात त्यात बिघाड असतो. आवाज कमी करणारे क्लोरप्रोमाझीन हे औषध पॅरिसमध्ये १९५२ सालीच रोग्यांना दिले गेले होते. म्हणजे आत्याच्या आजाराआधी अठरा वर्षे!

डॉक्टरी शब्दांकडेही सावधपणे पाहावे. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने मळ्यातून पळणाऱ्या गुलामांना ‘ड्रेपटोमेनिया’ नावाचा रोग ठरवला होता. वसतिगृहात जातीवरून टोचून बोलले गेल्याने एखाद्या मुलाची झोप उडाली, तर नुसती गोळी देऊन त्याला परत पाठवणे त्याच जातीचे. मात्र अपमान साचून नैराश्य जडले, तर तो खरा आजार असतो. त्यावर उपचार घेणारा लढा सोडत नाही.

२००१ साली तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली आणि साखळदंडात अडकलेले २८ रोगी गेले. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीला पूर्ण बंदी घातली. माणसाच्या सामाजिक स्थानावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, हेही त्यात लिहिले आहे. वस्तीत कोणी बांधलेले दिसले, तर आधी साखळी काढायला लावा आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. गोळ्या अनेकदा वर्षानुवर्षे लागतात. बरे वाटले म्हणून घरचे त्या बंद करतात, तिथे कार्यकर्त्याने पुन्हा जावे.