फुटबॉलचा कप्तान, कोहिमाचा डॉक्टर

दहावीचे वर्ष लागले की पुष्कळ घरांत चेंडू माळ्यावर जातो. अब्बा म्हणतात, आता खेळ पुरे. मुलगा तोंड फुगवून बसतो आणि अम्मी दोघांच्या मध्ये सापडते. असा वाद ज्या घरात चालू असेल, त्या घरासाठी आम्ही या महिन्यात डॉ. तालिमेरेन आओ यांची हकीकत निवडली आहे.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल संघाचे ते कप्तान. जन्म २८ जानेवारी १९१८ चा, त्या वेळच्या नागा हिल्समधील चांगकी गावातला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. इंपूरच्या मिशनच्या आवारात पोरे चिंध्यांचा चेंडू करून खेळत, त्यांत हा एक. १९३५ मध्ये वडील विषमज्वराने गेले. मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची शेवटची इच्छा. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. जाणाऱ्या बापाचा असा शब्द आपल्या घरांतही अमानतच मानला जातो.

पण ही अमानत सांभाळताना त्याने चेंडू टाकून दिला नाही. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात शिकता शिकता तो महाराणा क्लबकडून खेळला. १९४२ मध्ये कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात (आजचे आर. जी. कर) प्रवेश मिळाला आणि पुढच्याच वर्षी मोहन बागानची जर्सी अंगावर आली. मधल्या फळीत उभे राहून बचाव सांभाळणे हे त्याचे काम. पुढे क्लबने त्याला कप्तानही केले. डॉक्टरकीची पदवी हाती पडली ती १९५० मध्ये. प्रवेशापासून पदवीपर्यंत आठ वर्षे! आजच्या पालकांच्या डोळ्यांत ती खुपतील. आम्हाला मात्र त्यांतले एकही वर्ष वाया गेलेले वाटत नाही.

कारण मधेच १९४८ चे लंडन ऑलिंपिक आले. उद्घाटनाच्या संचलनात तिरंगा आओंच्या हातात होता. संघात सैलेन मन्ना, बंगलोरचे अहमद खान, ताज मोहम्मद असे एकाहून एक खेळाडू होते. ३१ जुलैला फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी, समोरचे सगळे बूट घातलेले. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही वाया गेल्या. रामन यांनी बरोबरी साधली होती. शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने दुसरा गोल केला आणि आपण २-१ ने हरलो. अनवाणी का खेळता, असे पत्रकारांनी विचारल्यावर आओ म्हणाले, ‘आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही खेळता ते बूटबॉल’, हा किस्सा अजून सांगितला जातो.

त्याच सुमारास आर्सेनल या लंडनच्या बड्या क्लबने त्यांना करार देऊ केला होता, असे त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण सांगतात. आपल्याकडे तेव्हा फुटबॉल म्हणजे फार तर क्लबच्या ओळखीने मिळणारी एखादी नोकरी. तिथे खेळणे हाच रोजगार. आओ तीस वर्षांचे होते, हातात अजून पदवी नव्हती. ते कलकत्त्याला परतले आणि परीक्षेला बसले.

डॉक्टर झाल्यावर ते दिब्रुगडच्या मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभागात काम करू लागले. १९५३ मध्ये सिव्हिल सर्जन म्हणून कोहिमाला गेले. मोहन बागानच्या मैदानावरचा जल्लोष मागे राहिला. ज्या डोंगरांत ते गेले, तिथे पुढच्या काही वर्षांत बंदुका चालू झाल्या. अशा काळात सरकारी डॉक्टर म्हणून तिथे टिकून राहणे किती कठीण गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १९६३ मध्ये नागालँड राज्य झाले. आओ त्याच्या आरोग्य खात्याचे संचालक झाले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले.

१३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. ईशान्येकडील राज्यांच्या फुटबॉल स्पर्धेच्या चषकाला त्यांचे नाव आहे, आणि त्या नावाआधी ‘डॉ.’ लावायला कोणी विसरत नाही.