५३ रुग्णांच्या मृत्यूची जबाबदारी घेणारा सीईओ वर्गात काय शिकवतो?

कंपनीची चूक झाली की बहुतेक वेळा काय होतं? आधी वकील बोलतात, मग एक गुळगुळीत पत्रक निघतं आणि साहेब मात्र कुठेच दिसत नाहीत. २००१ मध्ये अमेरिकेतल्या 'बॅक्स्टर इंटरनॅशनल' या वैद्यकीय साहित्य बनवणाऱ्या कंपनीत जरा वेगळं घडलं. तेव्हाचे सीईओ हॅरी क्रेमर पुढे बिझनेस स्कूलमध्ये लीडरशिपचे शिक्षक झाले. त्यांची गोष्ट समजून घ्यायची, तर त्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

नेमकं काय झालं होतं?

किडनी निकामी झालेल्या रुग्णाचं रक्त डायलिसिसमध्ये एका फिल्टरमधून शुद्ध केलं जातं. त्या फिल्टरला डायलायझर म्हणतात. ऑगस्ट २००१ मध्ये स्पेनमध्ये डायलिसिसनंतर काही रुग्ण अचानक दगावले. बॅक्स्टरने संशयित डायलायझर परत मागवले. सुरुवातीच्या तपासणीत दोष सापडला नाही. पण ऑक्टोबरमध्ये क्रोएशियातही तसेच मृत्यू झाले.

शेवटी कारण सापडलं ते कारखान्यात. फिल्टरला गळती आहे का, हे तपासायला एक द्रव वापरला जात होता. तो पूर्णपणे काढून टाकला गेला नव्हता. उरलेला द्रव रुग्णाच्या रक्तात जाऊन त्याचे बुडबुडे होत आणि रक्तप्रवाह अडत असे. वेगवेगळ्या देशांतले मिळून ५३ मृत्यू या डायलायझरशी जोडले गेले. हे डायलायझर बनवणारी स्वीडिश कंपनी बॅक्स्टरने २००० मध्येच विकत घेतली होती.

मग क्रेमर यांनी काय केलं?

आधीच्या मालकांकडे बोट दाखवणं सोपं होतं. पण क्रेमर यांनी कंपनीची जबाबदारी मान्य केली आणि जाहीर माफी मागितली. त्या डायलायझरचं उत्पादन कायमचं बंद झालं. या सगळ्यासाठी कंपनीने १८ कोटी ९० लाख डॉलरचा भार हिशेबात धरला. शिवाय आपला बोनस ४० टक्के आणि इतर वरिष्ठ अधिकाऱ्यांचा २० टक्के कापावा, अशी शिफारस त्यांनी स्वतःच संचालक मंडळाला केली.

सीईओ ते शिक्षक

क्रेमर मूळचे फायनान्सवाले. १९८२ मध्ये ते बॅक्स्टरमध्ये आले, १९९३ मध्ये सीएफओ झाले आणि १९९९ मध्ये सीईओ. पण कंपनीच्या नफ्याचे आकडे अपेक्षेपेक्षा कमी पडू लागले आणि २००४ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. प्रामाणिकपणा दाखवला म्हणून शेअर बाजार सूट देत नाही, हेही या गोष्टीत आहेच.

त्यानंतर ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केलॉग स्कूलमध्ये शिकवू लागले. १९७९ मध्ये ते इथूनच एमबीए झाले होते. २०११ मध्ये त्यांचं 'फ्रॉम व्हॅल्यूज टू अ‍ॅक्शन' हे पुस्तक आलं. त्यांच्या शिकवणीत चार सूत्रं आहेत:

१. आत्मपरीक्षण: रोज थोडा वेळ थांबून, आज आपण काय केलं आणि काय करायला हवं होतं, हे स्वतःला विचारा.

२. समतोल: निर्णयाआधी सगळ्या बाजू ऐका, विशेषतः आपल्याशी असहमत असलेल्यांची.

३. खरा आत्मविश्वास: आपल्याला काय येत नाही, हे मान्य करता येणं.

४. खरी नम्रता: खुर्ची मिळाली म्हणून आपण इतरांपेक्षा मोठे झालो नाही, याची आठवण ठेवणं.

वाचायला ही सूत्रं एखाद्या सुविचारासारखी वाटतात. पण २००१ शी ताडून पाहा. पहिल्या तपासणीत दोष सापडला नव्हता. तिथेच थांबायचं की पुन्हा शोधायचं, हा प्रश्न तिसऱ्या सूत्राचा आहे. बोनस आधी कोणाचा कापायचा, हा चौथ्याचा.

माफीने ५३ माणसं परत आली नाहीत. काही मृतांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली, तरी ते नुकसान भरून येणारं नव्हतंच. म्हणून ही गोष्ट यशाची नाही. हॉस्पिटल असो की औषध कंपनी, चूक समोर आल्यावर पहिला फोन वकिलाला जातो की रुग्णाच्या घरी, यावरून तिथलं नेतृत्व कळतं. क्रेमर यांचा विषय तोच आहे.