स्थळ येईपर्यंत

दिवाळीचा फराळ आणि कुत्र्यांची पिल्लं आमच्या घरी साधारण एकाच सुमाराला येतात. भाद्रपदातल्या कुत्र्यांबद्दल मराठीत काय बोललं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यापुढचं गणित मात्र कुणी करत नाही. कुत्रीचे दिवस भरायला सुमारे ६३ दिवस लागतात. म्हणजे भाद्रपदाचा हिशेब कार्तिकात चुकता होतो आणि ऐन सणात पुण्याच्या अर्धवट बांधकामांत, उभ्या टेंपोखाली, सोसायटीच्या मीटररूममागे कुईकुई सुरू होते. मग फोन येतात. "ताई, तुमची बाल्कनी रिकामी आहे का?"

रिकामी ती क्वचितच असते. आई गाडीखाली गेलेलं, अपघातातून उठलेलं किंवा खोक्यात घालून देवळाच्या पायरीशी सोडलेलं कुत्रं कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवायचं, याला या वर्तुळात 'फोस्टर करणं' म्हणतात. ठेवणाऱ्यालाही फोस्टरच म्हणतात. पगार नाही, सुट्टी नाही आणि घरच्यांची संमती बहुतेकदा मागाहून घ्यायची असते.

सगळ्यात आधी एक सांगते. दिसलं पिल्लू की उचल, असं करू नका. आई अन्न शोधायला तासन्‌तास लांब जाते. पिल्लं एकटी दिसली म्हणजे पोरकी झाली असं नव्हे. लांब उभं राहून वाट बघावी. आई धडधाकट असेल आणि जागा बरी असेल, तर आठ आठवडे पिल्लं तिच्यापाशीच बरी. पण पोरकं आहे हे नक्की झालं, तर वेळ घालवू नये, कारण रस्त्यावरचा हिशेब फार निर्दय आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी भटक्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करताहेत. त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जेमतेम १९ टक्के पिल्लं वयात येईपर्यंत जगली. जी गेली, त्यांतल्या ६३ टक्के मृत्यूंमागे या ना त्या प्रकारे माणूस होता.

डोळे न उघडलेलं पिल्लू (ते उघडतात दहा ते चौदा दिवसांनी) हे वेगळंच प्रकरण. लोक कळवळून वाटीभर गाईचं दूध पाजतात आणि हगवण लागली की घाबरतात. पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, ती वापरावी. अंग गार पडलेलं असेल तर आधी ऊब आणि मगच दूध; गार अंगात ते पचत नाही. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजायचं नाही, दूध फुप्फुसात जातं. पालथं, आईला लुचतं तसं. पाजून झालं की ओल्या कापसाने खालून पुसायचं, कारण इतक्या लहान पिल्लाला आईने चाटल्याशिवाय लघवीसुद्धा होत नाही. हे सगळं दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. ज्यांना सकाळी नोकरी आहे त्यांनी या वयाचं पिल्लू घेऊ नये, मोठं कुत्रं घ्यावं.

पार्श्वभूमी दोन ओळींत उरकते, कारण संपादकांनी ती मागितली आहे. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत १८३२ साली पारशी मंडळींच्या पुढाकाराने दंगल झाली होती. १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला आणि त्याखाली २००१ साली नसबंदीचे नियम झाले: कुत्रं पकडा, शस्त्रक्रिया करा, रेबीजची लस टोचा, होतं तिथेच सोडा. २०२३ साली हे नियम नव्याने आले. ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तो आदेश सौम्य केला. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालयं, स्थानकं यांच्या आवारातून कुत्री हलवायला सांगितलं. यावर दोन्ही बाजूंनी बाह्या सरसावून बोलणारी माणसं भरपूर आहेत. माझं म्हणणं एवढंच, की रस्त्यावरून एक कुत्रं कायमचं कमी करण्याचा असा एक मार्ग आहे ज्याबद्दल दोन्ही बाजूंचं भांडण नाही, आणि तो कुणाच्या तरी बाल्कनीतून जातो.

आता बाल्कनीकडे. नवा पाहुणा आला की पहिले दोन आठवडे तो वेगळा. पार्वोची भीती. हा विषाणू १९७८च्या सुमाराला जगासमोर आला आणि दोनेक वर्षांत सगळीकडे पोचला. फरशीवर, मातीत, चपलेच्या तळव्याला तो महिनोन्‌महिने तग धरतो. आपल्याकडे फिनाईलचा वास आला की घर स्वच्छ झालं असं मानतात. पार्वोला फिनाईलचं फारसं काही वाटत नाही. त्याला मारतं ते ब्लीच: एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आधी फरशी साबणाने धुऊन घ्यायची, मग हे ओतून दहा मिनिटं थांबायचं. ज्या घरात पार्वो होऊन गेला, तिथे लसी पुऱ्या न झालेलं पिल्लू पुढे बरेच महिने आणायचं नाही, आणि हे फोस्टरने विचारायच्या आत सांगायचं.

हे सगळं औषधपाण्याचं कुणीही डॉक्टर सांगेल. मला खरं लिहायचंय ते घर शिकवण्याबद्दल.

अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी पिल्लांवर दीर्घकाळ प्रयोग केले आणि १९६५ साली त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं. या काळात जे भेटतं ते जगातलंच आहे, असं ते धरून चालतं. पुढे जे नवं येईल त्याची आधी भीती वाटते. अडचण अशी, की लसीकरणाचं वेळापत्रकही याच काळात चालू असतं. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुढच्या, रेबीजची तीन महिन्यांनंतर. हे वेळापत्रक पुरं होईपर्यंत पिल्लू बाहेर जमिनीवर सोडायचं नाही आणि पुरं झालं तोवर मनाची ती खिडकी मिटलेली. यावर आमचा उपाय म्हणजे खांद्याची झोळी. पिल्लाला झोळीत घालून मी मंडईत जाते, बसस्टॉपवर बसते, शाळा सुटते तेव्हा फाटकाशी उभी राहते. पाय जमिनीला लागत नाहीत, पण कान, नाक, डोळे सगळं टिपत असतात. बँजोवाल्यांच्या गाडीपासून लांब उभं राहून उकडलेल्या अंड्याचे कण भरवले, की पुढच्या वेळी बँजो वाजला तर ते माझ्या हाताकडे बघतं.

आणि घरातले आवाज! परदेशी पुस्तकांत व्हॅक्यूम क्लीनरची भीती घालवायचं प्रकरण असतं. आमच्याकडे कुकरची शिट्टी. ती मी आधी बंद दाराआडून ऐकवते, ताटलीत दहीभात वाढलेला असताना. मग दार किलकिलं, मग उघडं. त्यानंतर मिक्सर, पाण्याची मोटर, भंगारवाल्याची हाळी, आरतीच्या झांजा. छताचा पंखा हे रस्त्यावरच्या कुत्र्याला न सुटणारं कोडं आहे. डोक्यावर काहीतरी फिरतंय आणि खाली येत नाहीये. काही कुत्री पहिले दिवस त्याच्याकडे बघत भिंतीकडेने चालतात.

सगळ्यात कठीण फरशी. कोयना नावाची एक काळी कुत्री आमच्याकडे होती, वर्षभराची, बांधकामाच्या वाळूवर वाढलेली. रस्त्यावर ट्रकच्या मधून सफाईने जाणारी ही बाई आमच्या गुळगुळीत टाइल्सवर आली आणि चारी पाय चार दिशांना गेले. त्यानंतर उंबऱ्यावरून पुढे यायलाच तयार नाही. नखं बाहेर काढून पकड घ्यायला जावं तर गुळगुळीत फरशीवर ती आणखीच घसरतात. मी गोणपाटं अंथरली, दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत. मग रोज दोन गोणपाटांमधलं अंतर वीतभर वाढवत गेले. सासूबाई म्हणाल्या, "घराचं धान्याचं गोदाम केलंस." पण कोयना चालायला लागली. लिफ्टचं तसंच. आधी नुसतं दारापाशी बसून खाणं, मग आत पाय ठेवून बाहेर येणं, मग एकच मजला.

मोठं कुत्रं घरात घाण करेल ही भीती मात्र बहुतेकदा फोल ठरते. झोपायच्या जागी घाण करायची नाही, हे त्याला आपल्याइतकंच कळतं. उलट ते माती दिसेपर्यंत धरून ठेवतं आणि आपल्यालाच काळजी लागते. बाल्कनीत कुंडीतली माती पसरलेली एक घमेली ठेवावी, प्रश्न सुटतो.

पहिले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा या क्षेत्रात सगळे सांगतात: तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत वेळापत्रक कळलेलं, तीन महिन्यांनी घर आपलंसं झालेलं. पहिले तीन दिवस लोकांना धीर धरवत नाही. पलंगाखाली गेलेल्या कुत्र्याला ओढून काढतात, टक लावून बघतात, डोक्यावरून हात फिरवायला जातात. त्यापेक्षा त्याच्याकडे पाठ करून खाली बसावं आणि पेपर वाचावा. कोलकात्याच्याच मंडळींचा २०१७ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. अनोळखी माणसाने भटक्या कुत्र्यांना पुन्हा पुन्हा भेटून काहींना फक्त खाऊ दिला, काहींना फक्त थोपटलं. थोपटलेल्यांचा विश्वास जास्त पक्का बसला. बिस्किटाचे पुडे घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या माझ्या मित्रमंडळींना हे मी वारंवार ऐकवते, त्यांना ते रुचत नाही.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर नामदेवांची गोष्ट आठवते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. गोष्ट थोर आहे. पण नुकत्याच बऱ्या झालेल्या पोटाला तूप सोसत नाही, हे आमच्या डॉक्टरांचं म्हणणंही विसरू नये.

मग निवारे कशाला आहेत, असं विचारतात. आहेत म्हणून बरंच आहे. मुंबईत परळला दिनशा माणकजी पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने उभं केलेलं प्राण्यांचं रुग्णालय जुनी माणसं अजून 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणूनच ओळखतात; त्या आवारात गेलं की सव्वाशेहून जास्त वर्षांचा पसारा जाणवतो. पण दिवसरात्र भुंकण्याच्या आवाजात राहून कुत्र्याला फरशी, पंखा, कुकर कसे कळणार? अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच निवाऱ्यांतल्या २०७ कुत्र्यांना एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी झोपायला पाठवलं. ताण दाखवणारं कॉर्टिसॉल त्या रात्रींत उतरलं आणि निवाऱ्यात परतल्यावर पुन्हा पहिल्या पातळीवर गेलं. म्हणजे घर देणं शनिवार-रविवारपुरतं असलं तरी वाया जात नाही.

आता स्थळं. हा शब्द आमच्याकडे सासूबाईंनी रूढ केला आणि तो इतका चपखल आहे, की बदलावासा वाटला नाही. जाहिरात टाकली की पहिला प्रश्न रंगाचा. "पांढरं आहे का?" दुसरा: "मुलगा आहे ना?" मग उंची, मग कान उभे राहतील का. काळी आणि मादी असली की फोनच कमी. ब्रीडवाला हवा होता पण हाही चालेल, असं उपकार केल्यासारखं सांगणारेही असतात. बॉम्बे हाउसमध्ये टाटांनी भटक्या कुत्र्यांसाठी खोली ठेवली, अशी बातमी झळकली की आठवडाभर देशी कुत्र्यांना मागणी येते, मग ओसरते.

जाहिरातीत 'बिचारी', 'अभागी' हे शब्द मी घालू देत नाही. दया आलेला माणूस लगेच फोन करतो आणि लगेचच परतही आणून सोडतो. त्याऐवजी ती काय करते ते लिहावं: दाराची बेल वाजली की एकदाच भुंकते, रात्रभर झोपते, मांजरांशी जमत नाही. काळ्या कुत्रीचा फोटो ट्यूबलाइटखाली काढू नये, नुसता काळा डाग येतो. सकाळच्या तिरक्या उन्हात, जमिनीवर पालथं पडून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढावा.

नकार कुणाला द्यायचा, हे ठरलेलं आहे. 'शेतावर राखणीला' म्हणजे बहुधा साखळी. 'मुलाच्या वाढदिवसाला सरप्राइज' म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, परत. घरमालकाला अजून विचारलेलं नाही, म्हणजे आधी विचारा. बाकीच्यांच्या घरी मी जाते. चहा होतो, आणि चहा होईपर्यंत मी बाल्कनीच्या गजांमधलं अंतर बघते. पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून पिल्लू जातं. दार उघडं टाकायची सवय आहे का, सकाळी सहाला खाली कोण नेणार. आणि घरातल्या आजीशी बोलल्याशिवाय मी कधीच होकार देत नाही. 'मला नाही बाई आवडत कुत्री' असं तोंडावर सांगणारी आजी चालते, पुढे तीच पोळीचा पहिला तुकडा काढून ठेवते. गप्प बसणारी आजी असली की मी कुत्रं घेऊन परत येते.

काही स्थळं परदेशातली. दिल्ली-मुंबईची कितीतरी कुत्री विमानाने कॅनडा-अमेरिकेला गेली आणि बर्फात उड्या मारतानाचे व्हिडिओ आले. रेबीजच्या धास्तीने कॅनडाने सप्टेंबर २०२२पासून भारतासारख्या देशांतून दत्तक देण्यासाठी कुत्री आणणं बंद केलं. अमेरिकेनेही ऑगस्ट २०२४पासून किमान सहा महिने वय आणि मायक्रोचिपची अट घातली. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. सिंहगड रोडला घर मिळत असेल तर टोरांटो कशाला?

दिवाळीच्या आठवड्यात मात्र मी कुणालाही कुत्रं देत नाही, स्थळ कितीही चांगलं असो. नरक चतुर्दशीला नेपाळमध्ये कुत्र्यांच्या गळ्यात माळा घालून, कपाळी टिळा लावून त्यांची पूजा करतात. आपल्याकडे त्याच पहाटे ती सुतळी बॉम्बने जीव घेऊन पळत सुटतात, आणि नव्या घरातून पळालेल्या कुत्र्याला परतीची वाट माहीत नसते. भाऊबीज उलटली की पाठवणी. सोबत न धुतलेली चादर, कारण तिला वास आहे. आठवडाभराचं तेच जेवण. लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा कागद, महापालिकेचा परवाना काढायची आठवण, आणि गळ्यात फोन नंबर कोरलेला पट्टा. 'आम्ही हिला ठेवूनच घेतो' असं घरात कुणी म्हणायला लागलं, तर मी पुढच्या पिल्लाचा फोटो दाखवते. बाल्कनी एकच आहे.

पहिल्या रात्री फोन येतोच. कोयनाच्या नव्या घरून आला तेव्हा बारा वाजून गेले होते.

"ताई, ती पलंगाखालून बाहेरच येत नाहीये."

"जेवली का?"

"आम्ही दिवा घालवला तेव्हा थोडं खाल्लं."

"मग तुम्ही झोपा. आणि बाथरूमबाहेर गोणपाट टाकून ठेवा."