जुन्या मोटारसायकलीची निगा (लेखांक ७) : घसरणारा क्लच

गेल्या लेखांकात चेन आणि स्प्रॉकेट यांची झीज कशी ओळखावी याचा विचार केला. आता इंजिनाची शक्ती त्या चेनपर्यंत पोहोचण्यापूर्वी ज्याच्या हातून जाते त्या क्लचकडे, आणि त्यातही त्याच्या घसरण्याच्या विकाराकडे वळावयाचे आहे. चढावर अ‍ॅक्सिलरेटर पिळताच इंजिनाचा आवाज एकदम चढावा, वेग मात्र होता तेथेच राहावा, आणि महिनाअखेरीस पेट्रोलचा खर्चही वाढलेला दिसावा, ही या विकाराची परिचित लक्षणे होत. ती दिसताच ‘प्लेटा गेल्या’ असा निकाल देऊन इंजिनाचे कव्हर उघडण्याची जी घाई बहुतेक गॅरेजांतून होते, ती मला सर्वस्वी गैर वाटते. कारण पुष्कळदा प्लेटा निर्दोष असतात आणि कसूर बाहेर, हँडलवरच्या लिव्हरपाशीच असतो.

क्लचची रचना एकदा ध्यानात घेतली म्हणजे तपासाची दिशा आपोआप ठरते. घर्षक प्लेटा आणि पोलादी प्लेटा यांची एकाआड एक चळत असते. पहिल्या इंजिनाबरोबर फिरणाऱ्या बास्केटमध्ये अडकलेल्या असतात, दुसऱ्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवरील हबमध्ये, आणि प्रेशर प्लेटमार्फत स्प्रिंगा या साऱ्यांना एकत्र दाबून ठेवतात. लिव्हर ओढली की हा दाब हटतो. सोडली की तो संपूर्ण परत आला पाहिजे. तेव्हा क्लच घसरतो तो एक तर दाब अपुरा पडतो म्हणून, नाही तर दाब असूनही पृष्ठभागांची पकड हरपली आहे म्हणून. तिसरे कारण संभवत नाही.

दाब अपुरा पडण्याचे जे सर्वांत सामान्य कारण, ते म्हणजे क्लच वायरला ढील नसणे. लिव्हर सोडलेली असताना वायर थोडी सैल असणे अत्यावश्यक आहे. नाही तर आपण न ओढताही ती प्रेशर प्लेट किंचित उचलून धरते आणि स्प्रिंगांचा काही दाब वाया जातो. हीरो होंडाच्या सीडी १०० आणि स्प्लेंडर या गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. यामाहा आरएक्स १०० मध्ये ती लिव्हरच्या बुडाशी २ ते ३ मिलिमीटर मोजतात. पुष्कळ चालक, लिव्हर सैल लागते म्हणून, ही ढील स्वतःच्या हाताने काढून टाकतात. याहून महत्त्वाची, आणि सहसा कोणाच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की वायर जुनी होऊन ताणली म्हणजे ढील वाढते हे खरे, परंतु प्लेटा झिजून पातळ झाल्या म्हणजे प्रेशर प्लेट आत सरकते आणि तीच ढील उलट कमी होत जाते. म्हणून पूर्वी योग्य असलेली ढील, कोणी हात न लावताही, एके दिवशी नाहीशी झालेली आढळते. मग क्लच घसरू लागतो, घसरण्याने उष्णता वाढते, उष्णतेने प्लेटा अधिक झिजतात, आणि ढील आणखी आटते. हे चक्र वेळीच तोडावयाचे तर दर महिन्यास ढील तपासण्यासारखा सोपा उपाय नाही. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवून पाहावे. एखाद्या वळणावर ढील नाहीशी होत असेल, तर वायरची वाट चुकली आहे असे समजावे. वायर आतून गंजून अडखळत असेल, तर ती बदलणेच इष्ट.

एवढ्याने तक्रार न मिटल्यास तेलाची चौकशी करावी. स्प्लेंडरसारख्या गाडीत इंजिन आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. तेथे मोटारगाडीसाठी बनविलेले, घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले तेल ओतल्यास चांगल्या प्लेटाही घसरू लागतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ अशी नोंद पाहूनच तेल घ्यावे. आरएक्स १०० हे दोन स्ट्रोकचे इंजिन असल्याने तेथे क्लच गिअर ऑइलमध्ये असतो, आणि जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये तो डाव्या बाजूच्या चेनकेसमधील स्वतंत्र तेलात असतो, सबब तेथे इंजिनाच्या तेलाला दोष देणे व्यर्थ आहे. या बुलेटची तपासणी चालविल्यावाचूनही होऊ शकते : किकचा जोर क्लचमधूनच इंजिनापर्यंत जात असल्यामुळे, किक पूर्ण खाली जाऊनही इंजिन फिरत नसेल, तर क्लच घसरतो आहे किंवा त्याची ढील संपली आहे.

तेल योग्य आणि ढीलही योग्य असूनही, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर झटक्याने उघडल्यास आवाज वेगाच्या पुढे धावतो, अशी खातरजमा झाली, तरच कव्हर उघडावे. तेल काढावे, किक उतरवावी, आणि निरनिराळ्या लांबीचे बोल्ट ज्या जागचे त्या जागी मांडून ठेवावेत. आरएक्स १०० मध्ये स्प्रिंगांचे स्क्रू काढले की प्लेटा हाती येतात. स्प्लेंडरमध्ये मधला चार दातांचा नटही काढावा लागतो, आणि त्यास खास पाना लागतो. तो पाना नसल्यास छिन्नी आणि हातोडीने नट फिरविण्याची जी रीत दिसते, तिने नट तर विद्रूप होतोच, पण शाफ्टच्या बेअरिंगांवरही आघात होतो. त्यापेक्षा पाना असलेल्या मेस्त्रीकडे गाडी नेणे शतपट श्रेयस्कर.

घर्षक प्लेटा नव्या असताना साधारण ३ मिलिमीटर जाड असतात. त्यात तीन दशांश मिलिमीटरच्या आसपास झीज झाली, किंवा प्लेट काळी पडून जळका वास येऊ लागला, की ती निकामी समजावी. पोलादी प्लेटा काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून वाकल्या आहेत का ते पाहावे. निळसर डाग हे अतिउष्णतेचे चिन्ह होय. आणि स्प्रिंगांकडे मात्र कोणी लक्ष देत नाही, याचे मला वाईट वाटते : वर्षानुवर्षे उष्णतेत राहून त्या आखूड होतात, आणि नव्या प्लेटांवर त्याच दुबळ्या स्प्रिंगा बसविल्या तर केलेला खर्च थोड्याच दिवसांत पाण्यात जातो. म्हणून स्प्रिंगा प्लेटांबरोबरच, आणि सगळ्या एकदम बदलाव्यात. नव्या प्लेटा बसविण्यापूर्वी त्याच प्रकारच्या तेलात काही तास भिजवाव्यात, स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे घेत थोडेथोडे आवळावेत, आणि पॅकिंग नवेच वापरावे.

खंबाटकी किंवा कुंभार्लीसारख्या घाटात वाहनांच्या रांगेत अडकल्यावर अर्धा क्लच दाबून गाडी चढावर तोलून धरणे हे प्लेटांना फार घातक आहे. तेथे ब्रेक वापरावा आणि न्यूट्रलमध्ये थांबावे. नव्या प्लेटा टाकल्यावर पहिल्या तीनशे किलोमीटरांच्या आत ढील पुन्हा मोजावी, कारण त्या बसताना ती थोडी बदलते. क्लच सुटतच नाही, गिअर खडखडत पडतो, या अगदी उलट प्रकारच्या तक्रारीचा विचार पुढील लेखांकात करू.