गाडीतलं निळं पाणी

मंडळी, बर्फ सुरू झाला, आता रस्त्यांवर मीठही येईल. ट्रकने उडवलेलं खारं पाणी काचेवर बसलं की कोरडा वायपर ते नुसतं सारवतो. तेव्हा उपयोगी पडतं ते वॉशरचं निळं पाणी. काटकसर म्हणून त्यात नळाचं पाणी घालू नका. उणे २० फॅरनहाइट लिहिलेलंच भरा. त्यात बहुधा मिथेनॉल असतं, म्हणून ते गोठत नाही. पण वाऱ्यावर मिथेनॉल झटकन उडून जातं, काच आणखी गार होते आणि उरलेल्या पाण्याचा तिथेच बर्फ होतो. आधी डिफ्रॉस्टरने काच तापवावी, मगच फवारा मारावा.

आम्हा रसायनवाल्यांना खरी काळजी वेगळीच. मिथेनॉल विष आहे. पोटात गेलं की शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड बनतं. दृष्टी जाते, जीवही जाऊ शकतो. आपल्याला रिकाम्या बाटल्या टाकवत नाहीत (आमच्याही घरी ढीग आहे!), आणि बाटलीतलं निळं पाणी मुलांना सरबतच वाटतं. उरलेलं मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, गराजमध्ये उंच फळीवर ठेवा. कोणी प्यायलंच तर लक्षणांची वाट पाहू नका. सुरुवातीचे काही तास माणूस ठीकठाक दिसतो. पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२, रात्रंदिवस चालू असतो.