भाकरीनं पोट भरतं, पण अंग?

अंकुशनगर (ता. अंबड) : गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटेच चूल पेटते, भाकरी फडक्यात बांधल्या जातात अन् नवरा-बायकोचा कोयता फडात जातो. दुपारी भाकर, चटणी, कांदा. पोट भरतं, पण अंगाला सगळं मिळतं का?

काही अन्नघटक शरीर एरवी स्वतःच तयार करतं. अडचणीच्या वेळी मात्र ते अन्नातून द्यावेच लागतात. नायसिन हे जीवनसत्त्व त्यातलंच. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर ते बनवतं. साधारण ६० मिलिग्रॅमपासून १ मिलिग्रॅम. ताटात डाळ-दूध असलं तर भागतं, नुसत्या भाकरीवर अडतं.

दख्खनच्या पठारावर हे घडलेलं आहे. ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा दिसे. उन्हात उघडी राहणारी हातापायांची, मानेची कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, पुढे डोक्यावरही परिणाम होतो. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतल्या जादा ल्यूसिनशी जोडला. त्यावर पुढे मतभेद झाले. मात्र एकाच धान्यावर जगणं धोक्याचं, हे खरं ठरलं. आता हा रोग क्वचितच दिसतो.

म्हणून ज्वारीला नावं ठेवू नका. भाकरीला जोड द्या. मूठभर शेंगदाण्यात नायसिनही आहे अन् प्रथिनंही. सोबत तुरीचं किंवा मुगाचं वरण, जमेल तसं दूध, ताक, अंडं आणि पालेभाजी असावी.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचंही असंच. सिस्टिन, टायरोसिन, आर्जिनिन ही अमिनो आम्लं मोठ्या माणसाचं शरीर बनवतं. अशा बाळाला ती पुरेशी बनवता येत नाहीत. त्याला पहिल्या चिकापासून आईचंच दूध मिळावं. ओढता येत नसेल तर काढून पाजावं, अन् दवाखान्याचा सल्ला घ्यावा. त्या आईच्या ताटात मात्र नुसती भाकर-चटणी चालणार नाही, अन् जड मोळीही तिच्या डोक्यावर नको.

कोपीवरची बाई गावच्या यादीत नसते, म्हणून ती राहून जाते. ग्रामपंचायत, अंगणवाडीताई, आशाताई यांनी हंगामाच्या सुरुवातीलाच मुकादमाला गाठून गरोदर व बाळंत बायांची नोंद करावी. उसाचं टन मोजलं जातं, तसं या माउलीचं वजनही मोजलं जावं.